चढावरचा डबा

४ फेब्रुवारी

प्रिय चेपू,

शाळा दिली. लोक म्हणतात विकली, मी म्हणते दिली. इथल्या एका बसवालीला दिली. तुला ती ठाऊक नाही. तू गाव सोडल्यावर ती माझ्याकडे गाडी शिकली, मग शहराच्या बसवर ड्रायव्हर झाली, आणि आता रोज त्याच रस्त्याने जायचा तिला वीट आलाय. म्हटलं, ये, इथे रोज नवीन माणूस नवीन रस्त्याने चुकतो. लगेच आली.

किल्ल्या देताना डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. ते आलं भिंतीवरचे डबे बघून. आठवतात ना? पाण्याच्या टाकीमागच्या चढावर गाडी उभी करायची, शिकणाऱ्याने घरून आणलेला जेवणाचा डबा मागच्या चाकामागे ठेवायचा, चप्पल-बूट काढायचे, आणि नुसत्या हाफ क्लचवर गाडी वर काढायची. डबा शाबूत राहिला तर पास. चेपला तर डबा माझ्या भिंतीवर खिळ्याला, आणि पुढे कधी पास झालास की तोच डबा वाजत-गाजत घरी. अख्ख्या गावाने आपापले डबे सोडवून नेले. आता भिंतीवर दोन-चारच उरलेत, अर्धवट सोडून गेलेल्यांचे. त्यांत एक तुझा. त्या दिवशी डबा रिकामा करायला विसरलास आणि आपण दोघांनी चेपलेले बटाटे चमच्याने खरवडून खाल्ले. बसवालीने विचारलं, हा कुणाचा? म्हटलं, माझ्या भावाचा. नापास आहे. कारखान्यात पेडलं मोडतो.

आता मुद्द्याचं. मी गाडी घेतेय. माझी. जिच्या टपावर पाटी नाही आणि शेजारच्या सीटपुढे दुसरी पेडलं नाहीत, अशी. जन्मभर शाळेच्या गाडीशिवाय दुसऱ्या गाडीला पाय लावला नाही मी. आणि शाळेच्या गाड्या म्हणजे माझ्या हिशोबाने लावलेल्या. गॅरेजवाल्याशी दरवेळी भांडण. तो म्हणायचा, बाई, पेडल सोडताना पाय बराच वर आला की मग क्लच पकडतो, जगात सगळीकडे असंच. मी म्हणायचे, माझ्याकडे खाली पकडेल, टाच जमिनीला टेकलेली असतानाच पकडेल, कारण घाबरलेल्या माणसाची टाच उचलली की त्याचा जीवच उचलला जातो. शेवटी तो नाक मुरडत लावून द्यायचा.

तर दोन गाड्या हेरल्यात. दोन्ही छोट्या, दोन्ही चपळ, दोन्ही हाताने गिअर टाकायच्या. एक तांबडी, एक निळी. घरोघरचे सल्ले सुरू झालेत. शेजारीण म्हणते उंच गाडी घ्या, गुडघ्यांना बरी. डॉक्टर म्हणतात ऑटोमॅटिक घ्या. तुझी भाची काही म्हणत नाही, नुसती हसते, तिचं काय चाललंय देव जाणे. मला स्पोर्टी गाडी पाहिजे. हो, स्पोर्टी. सिग्नल हिरवा झाला की मागच्याने हॉर्न वाजवायच्या आत मी दिसेनाशी झाले पाहिजे.

तू इतकी वर्षं गाड्यांच्या भागांत बसलायस. सांग कुठली घेऊ. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ताईस नमस्कार,

तुझं पत्र मिळालं. शाळा चांगल्या हाती गेली हे वाचून बरं वाटलं.

दोन्ही गाड्यांची माहिती काढली. तांबडीचे टायर रुंद आहेत, त्यामुळे वळणावर ती रस्ता सोडत नाही, पण खड्ड्यात पाठीला हिसका बसेल. इंजिन लहान असलं तरी टर्बोमुळे जोर चांगला आहे. सायलेन्सरचा आवाज मुद्दाम मोठा ठेवलाय, तो तुला आवडेल की नाही सांगता येत नाही. डिकी लहान. सर्व्हिस सेंटर तुझ्या घराजवळ आहे.

निळीची डिकी थोडी मोठी आहे. रंग चांगला आहे.

दोन्ही गाड्यांच्या सीट खाली आहेत. वयाचा विचार करता उठ-बस करून बघ, मगच ठरव. बाकी निर्णय तुझा. मी कुठलीच बाजू घेत नाही.

तुझा,
चेपू


१२ फेब्रुवारी

प्रिय भाचीबाई,

काल तुझ्या आईला पत्र टाकलं आणि रात्रभर स्वतःवर चिडलो. इतकं कोरडं पत्र मी विमा कंपनीलाही लिहिलं नसतं. पण करू काय? ते पत्र ओलं करायला गेलो असतो तर सगळंच सांडलं असतं.

आता तुला सांगतो, आणि भाची म्हणून सांगतो. आमचा कारखाना वेगवेगळ्या गाड्यांना सुटे भाग पुरवतो. कुठला भाग कुठल्या गाडीत जातो हे बाहेर बोलायचं नाही, असा कागद सही करून दिलाय. तरी सांगतो. निळीचा क्लच माझा आहे.

पेडल मोडेपर्यंत दाबत बसायचं काम सोडून मला जमाना झाला. ताईला एकदा सांगायला गेलो की बढती मिळाली, तर ती म्हणाली, म्हणजे आता मोठी पेडलं मोडतोस का? सगळे हसले, मीही हसलो, आणि ते तसंच राहिलं. आता मी क्लच पायाला कसा लागावा ते ठरवतो. किती जड, किती हलका, आणि मुख्य म्हणजे कुठे पकडावा. निळीच्या वेळी मी वरिष्ठांशी सरळ भांडलो. सगळ्यांना तो वर पकडणारा हवा होता, सगळ्यांचा तसाच असतो म्हणून. मी बूट काढून मोज्यांवर चाचणी गाडीत बसलो, आणि त्यांनाही बूट काढायला लावले. आधी हसले. मग एकेक जण परत परत क्लच सोडून बघायला लागला. आता आमच्या विभागाच्या दारात बुटांची रांग असते, आणि ती बघून मला रोज सकाळी बरं वाटतं.

हा क्लच माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे. त्याला बक्षिसं मिळाली, वरच्यांनी पाठ थोपटली. पण पाय मला एकाच माणसाचा माहीत आहे, आणि त्या पायाने अजून त्याला बरं म्हटलेलं नाही. तुझी आई कुणाला छान म्हणत नाही. फार झालं तर ‘चालेल’ म्हणते. मला ते ‘चालेल’ पाहिजे. आणि तेही तिला काही माहीत नसताना. सांगितलं तर भावाचं काम म्हणून दोन चुका जास्त काढेल, किंवा दुसऱ्या टोकाला जाऊन मायेपोटी तीच गाडी घेईल. दोन्ही मला नको.

तू बरोबर जा. बघ, आणि जसं घडेल तसं लिही. साखर घालू नकोस, तू दातांची डॉक्टर आहेस. आणि आईपाशी चकार शब्द काढलास तर मामा-भाची संपलं.

तुझा मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी पाणी पी, मग वाच.

शनिवारी आम्ही तांबडीच्या शोरूममध्ये गेलो. काचेचं दालन, गुळगुळीत फरशी, आणि मधोमध तांबडी. तिथला विक्रेता आईला बघून उभाच राहिला. तो तिचा जुना विद्यार्थी निघाला, भिंतीवरून डबा सोडवून नेलेला. चाचणीसाठी गाडी बाहेर काढली. आईने किल्ली घेतली, ऐटीत दरवाजा उघडला आणि बसली. चुकीच्या बाजूला! जन्मभर ड्रायव्हरच्या शेजारी बसायची सवय. पट्टा लावला, आरसा नीट केला आणि विक्रेत्याला म्हणाली, “चल, क्लच दाब, न्यूट्रल बघ, सुरू कर.” आणि गंमत म्हणजे तो बिचारा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने केलं! पुढच्या चौकात डावा इंडिकेटर द्यायला विसरला म्हणून बोलणीही खाल्ली. मी मागे बसून पोट धरून हसत होते. चौक ओलांडल्यावर आई एकदम म्हणाली, “अरे, पण गाडी मला घ्यायची आहे ना?” मग दोघांनी उतरून जागा बदलल्या.

आता तुला न आवडणारं. तांबडी सुरू करताना दोनदा बंद पडली. आईची गाडी बंद पडली, मामा! विक्रेत्याकडे तिने असं पाहिलं की त्यानेच माफी मागितली. पण एकदा निघाली आणि ती भाळलीच. सायलेन्सर गुरगुरला की मान वर. वळणावर गाडी जराही झुकेना तेव्हा तिच्या तोंडून “वा!” निघालं. लाल शिवणीचं स्टिअरिंग, कमरेला घट्ट धरणारी सीट. वयाने वीस वर्षांनी लहान दिसत होती. उतरताना गुडघा धरला, पण मला दिसू दिलं नाही.

मग निळी. मी श्वास रोखून बसले होते. सुरू केली, निघाली, सिग्नलला थांबली, परत निघाली. एकदाही बंद पडली नाही, एकदाही हिसका नाही. मी हळूच विचारलं, “कशी वाटली गं?” म्हणाली, “काही वाटलंच नाही. रोजचीच गाडी असावी तशी. बरी आहे.” ‘चालेल’ सुद्धा नाही, मामा. नुसतं ‘बरी आहे’.

आणि तुझ्या पत्राने घोळ घातलाय. ‘वयाचा विचार करता’ हे तीन शब्द तिने मला तीनदा वाचून दाखवले, दर वेळी वेगळ्या आवाजात. काय सुचलं तुला?

मी सांगून टाकू का तिला? माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे. दात काढताना पेशंटला धीर देते तसा तुलाही देते, पण मला स्वतःलाच वाईट वाटतंय.

तुझी भाची


२२ फेब्रुवारी

चेपू,

पत्र मिळालं. वयाचा विचार करून उत्तर उशिरा लिहितेय.

मी भावाला विचारलं होतं, कोऱ्या कागदाला नाही. तुझ्या ओळींत काय लिहिलंय ते नाही, काय नाही ते मी वाचते. चेहऱ्यावरून नवशिक्याला काय येत नाही ते ओळखायचं, हाच माझा धंदा होता. तांबडीबद्दल तू भरभरून लिहिलंस, टायर काय, टर्बो काय, खड्डे काय. निळीबद्दल काय? डिकी आणि रंग. गाड्यांत आयुष्य गेलेला माणूस एखाद्या गाडीच्या फक्त रंगाचं कौतुक करतो तेव्हा तिच्यात काहीतरी खोट असते, आणि ती सांगायची त्याला बंदी असते. एवढं न कळायला मी काल गाडीत बसलेले नाही. कारखान्यात बाहेर न बोलण्याच्या कागदावर सही घेतात म्हणे, त्याची अडचण असेल. हरकत नाही. इशारा पोचला.

निळी मला तशीही फिकीच वाटली. तांबडीच घ्यावी म्हणते. पुढच्या आठवड्यात सही करीन.

उठ-बस करून बघितली. दहा वेळा. शोरूममधल्या सगळ्यांसमोर.

ताई


१ मार्च

ताईस,

निळीत खोट नाही.

एवढं लिहायला मला पूर्ण दिवस लागला, कारण तुला कुठलीच गाडी घे म्हणायची माझी इच्छा नाही आणि आताही म्हणत नाही. तांबडी चांगली गाडी आहे. ती आवडली असेल तर खुशाल घे आणि सिग्नलवरून दिसेनाशी हो. पण माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावून निळी टाकू नकोस. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू लावलास तो साफ उलटा आहे, याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आणि एक सांगतो, राग आला तरी चालेल. तू दोन्ही गाड्या सपाट रस्त्यावर चालवल्यास. माझी ताई कुणाला सपाट रस्त्यावर पास करत नव्हती. गाव गोळा झालं तरी नाही, पोर रडलं तरी नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. मग गाड्यांना ही सवलत का? दोघींना टाकीमागच्या चढावर ने. आजकालच्या गाड्या चढावर आपोआप धरून राहतात, ती सोय आधी बंद करायला लाव. चप्पल काढ. डबा ठेव. मग जी पास होईल ती घे. डोळे मिटून घे. मी वर एक शब्द बोलणार नाही.

वयाबद्दल चुकलो. तुझ्या वयाचं माझ्या तोंडून पुन्हा येणार नाही.

चेपू


९ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र आईने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर फडताळातून स्टीलचे दोन डबे काढले, पुसले आणि पिशवीत घातले. मला म्हणाली, “फोन कर दोघांना. टाकीवर बोलाव.”

दोन्ही शोरूमच्या गाड्या एका चढावर, हे बहुतेक पहिल्यांदाच घडलं असेल. तांबडीचा तो विद्यार्थी आला होता, निळीची एक पोक्त बाई आली होती. बसवालीही येऊन उभी राहिली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. चढावर आपोआप धरणारी सोय बंद करायची म्हटल्यावर दोघे विक्रेते एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मी पुस्तिका काढून बटण शोधलं.

आधी तांबडी. आईने चपला काढून मागे माझ्याकडे दिल्या. डबा मी ठेवला, चाकामागे, तुमच्या वेळी ठेवायचे तसा, झाकण वर करून. आईने गिअर टाकला, क्लच सोडायला लागली, ब्रेकवरचा पाय उचलला. आणि मामा, गाडी मागे आली. तिची टाच जमिनीवर होती, क्लच तिथे पकडेल म्हणून पाय वाट बघत राहिला, आणि क्लच पकडायचा तो पार वर. चुरचुर आवाज झाला. मी वाकून बघितलं. डबा चपटा.

कुणी हसलं नाही. विद्यार्थी आभाळाकडे बघायला लागला. बसवालीने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता आई रडते की काय. ती उतरली, डबा उचलला, उलटापालटा करून बघितला, आणि मोठ्याने हसली. इतकी की टाकीवरची कबुतरं उडाली. म्हणाली, “शेवटी माझाही चेपला!”

मग निळी. दुसरा डबा ठेवला. आईने अनवाणी पाय क्लचवर ठेवला. ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. पुढेही नाही, मागेही नाही, कुणी हातात धरून ठेवावी तशी. ती तशीच बसून राहिली, टाच जमिनीवर, आणि मान थोडी तिरकी, काही ऐकत असल्यासारखी. मग हळूच वर काढली. परत खाली आणली. परत केलं. तिसऱ्यांदा तर डोळे मिटून केलं. निळीवाल्या बाईने मला विचारलं, “काही अडचण आहे का?” म्हटलं, नाही, त्यांना बहुतेक कुणीतरी ओळखीचं भेटलंय.

उतरल्यावर आईने गाडीवरून हात फिरवला. मला विचारलं, “चेपू अजून पेडलं मोडायचंच काम करतो का गं?”

मी म्हटलं, मला काय माहीत. पण माझा चेहरा तुला माहीतच आहे, आणि तिचा धंदाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या.

मी शब्द पाळला, मामा. आता काय ते तिच्याकडूनच ऐक.

तुझी भाची


२० मार्च

प्रिय चेपू,

तांबडी घेतली.

थांब. पत्र खाली ठेवू नकोस. तुझं तोंड एवढंसं झालेलं मला इथून दिसतंय. पुढे वाच.

त्या दिवशी चढावर निळीत बसले, क्लच सोडायला लागले, आणि माझ्या पायाला जिथे पकड हवी होती तिथेच ती होती. शोधावी लागली नाही. पहिल्यांदा चालवल्यावर मी तुझ्या भाचीला ‘काही वाटलंच नाही’ म्हटलं होतं, ते आता कळलं का. स्वतःच्या घरातला जिना उतरताना पायरी मोजतो का आपण? अशा क्लचची गाडी दुनियेत एकच होती, माझी, आणि तीही गॅरेजवाल्याशी भांडभांड भांडून. मग ही कुणी केली? कोण बसला असेल तिच्यात बूट काढून? टाच खाली टेकव, पायाला ऐकू दे, असं मी या चढावर किती जणांना ओरडून सांगितलं असेल. त्यांतला गाड्यांच्या कारखान्यात गेलेला एकच.

तू सही केलेला कागद मोडू नकोस. तू काही सांगितलं नाहीस आणि मी काही विचारत नाही. भाचीलाही बोलू नकोस, तिने तोंड घट्ट मिटलं होतं, फक्त ते इतकं घट्ट मिटलं की कळलंच.

चेपू, मला तुझा अभिमान वाटतो. हे लिहून ठेवते, कारण समोर आलास की माझ्या तोंडून निघायचं नाही, आणि फोनवर तर तू हं म्हणशील. तू शाळा सोडून गेलास तेव्हा मला वाटलं होतं, आपलं शिकवणं आपल्याबरोबर संपलं. पुढे माझ्याबरोबर शिकवेल असा घरातला एक माणूस होता, तोही माणसं शिकवायची सोडून मशीनला पाय द्यायला गेला. आणि तू काय केलंस? माझं शिकवणं उचललंस आणि लोखंडात घातलंस. मी एका वेळी एकाला शिकवत होते. तुझा क्लच कुठल्या कुठल्या गावांतल्या, मला न दिसणाऱ्या माणसांना धीर देतोय. त्या दिवशी गाडीवरून हात फिरवला तो गाडीवरून नव्हता. क्लच ‘चालेल’ नाही, छान आहे. फार छान आहे.

मग निळी का घेतली नाही? घेतली. मी नाही, शाळेने. बसवालीला मीच म्हटलं, जुनी गाडी काढ आता, ही घे. शेजारच्या सीटपुढे दुसरी पेडलं बसवायला टाकलीयत, टपावर पाटी लागेल. या गावात यापुढे जो कुणी शिकेल त्याचा पहिला पाय तुझ्या क्लचवर पडेल. घाबरेल, थरथरेल, पण त्याची टाच जमिनीवर राहील आणि त्याचा डबा वाचेल. माझ्याकडे द्यायला यापेक्षा मोठी जागा नव्हती रे. माझ्या अंगणात ती नुसती एका बाईची गाडी झाली असती.

आणि मला निळी येते. ती मी जन्मभर चालवली. तांबडीने मात्र माझा डबा चेपला, माझा! एवढ्या माणसांदेखत! तिला अशी कशी सोडेन? रोज सकाळी नेते तिला टाकीवर. अजून दोनदा मागे आली. काल जवळजवळ जमलं होतं, पण टाच उचलताना घाबरले. खरंच घाबरले, आणि इतकी मजा आली की परत खाली आणून पुन्हा केलं. सिग्नलवर मात्र अजून मला कुणी गाठलेलं नाही, शेजारणीने परवा पट्टा घट्ट धरून देवाचं नाव घेतलं.

सोबत एक पार्सल पाठवतेय. तुझा डबा आहे. परवा शाळेत जाऊन भिंतीवरून काढला, बसवालीच्या समोर, रीतसर. तिने विचारलं, हे कधी पास झाले? म्हटलं, चढावर, मी गाडीत होते. झाकण बसत नाही, ते तुझं तू बघ. बटाट्याचा एक डाग अजून तसाच आहे.

तुझा खिळा रिकामा ठेवला नाही. त्याला आता माझा डबा आहे. येणारा-जाणारा विचारतो, हा कुणाचा? बसवाली सांगते, आमच्या बाईंचा, शिकतायत.

सुट्टी काढून ये. मला चढावर ने आणि शेजारी बसून शिकव, अजिबात दया करू नकोस. फक्त एक लक्षात ठेव, तुझ्या बाजूला ब्रेक नाही.

तुझी ताई